बार्शी लाईट रेल्वे उभारणारा कॅलथ्रॉप : याची गोष्ट कळली की जुन्या इंजिनाचा खरा रंग कळतो

यवतमाळमध्ये कुठल्याही चहाच्या टपरीवर शकुंतलेचा विषय काढा, दहा मिनिटांत पाच जण गोळा होतात. कुणी दारव्हा मोतीबागेला उतरलेलं असतं, कुणाच्या आजोबांनी लाडखेडहून कापसाच्या गाठी पाठवलेल्या असतात. किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकारानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झालेली ही यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटरची लाईन. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन इथे 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत राबलं. मग डिझेल आलं आणि पुढे गाडीच थांबली.

अधूनमधून या इंजिनाचा एखादा जुना फोटो व्हायरल होतो. खाली कमेंट ठरलेल्या. अर्धे लोक म्हणतात ब्रॉडगेज करा. उरलेले म्हणतात, निदान जुनी इंजिनं तरी पुन्हा नवीसारखी करा.

आता खरा विषय इथे सुरू होतो. नवीसारखी म्हणजे कशी? कुठला रंग? चकचकीत काळा की मळकट? पत्रा आरशासारखा सपाट की हातानं ठोकलेला? फोटो तर ब्लॅक अँड व्हाईट आहे.

जुन्या वाफेच्या इंजिनाची दुरुस्ती करणाऱ्यांसाठी हा जगभरातला डोकेदुखीचा प्रश्न आहे. चाकं आणि पिस्टन मोजून बनवता येतात. अंगावरचा पत्रा आणि त्याचं फिनिशिंग मोजपट्टीनं सापडत नाही. त्यासाठी ते बनवणाऱ्याच्या डोक्यात काय होतं हे कळावं लागतं.

म्हणून आज एका माणसाची गोष्ट. त्यानं शकुंतला बांधली नाही, हे आधीच सांगतो. पण अडीच फुटांच्या रुळांवर धंद्याची, भरवशाची रेल्वे चालू शकते हे त्यानं महाराष्ट्राच्या मातीत सिद्ध करून दाखवलं. त्याचं नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप.

शेतकऱ्याचा पोरगा, रेल्वेचा इंजिनिअर

कॅलथ्रॉपचा जन्म 3 मार्च 1857 चा, इंग्लंडमधल्या लिंकनशायर भागातला. बाप शेतकरी. भावंडं बरीच. त्यातला गाय कॅलथ्रॉप पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न या मोठ्या रेल्वे कंपनीचा जनरल मॅनेजर झाला आणि सर ही पदवी मिळवून बसला.

एव्हरार्डनं सुरुवात केली रॉबर्ट स्टीफन्सनच्या इंजिन कारखान्यात. 1874 मध्ये तो क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लागला. 1879 मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेत गेला आणि तिथल्या डबे बनवणाऱ्या कारखान्याच्या कामात मुरला. थोडक्यात, पोरगा ऑफिसात बसून नकाशे काढणारा नव्हता. लोखंड तापताना, वाकताना आणि तुटताना त्यानं पाहिलं होतं.

1882 मध्ये तो भारतात आला, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून. आपल्या आजच्या मध्य रेल्वेची ही पूर्वज कंपनी.

बार्शीचा कापूस आणि पस्तीस किलोमीटरचं दुखणं

त्या काळात बार्शी ही कापूस आणि धान्याची मोठी बाजारपेठ होती. मुंबईहून मद्रासला जाणारी मोठी लाईन मात्र बार्शीला टाळून गेलेली. सगळ्यात जवळचं स्टेशन बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी. अंतर साधारण पस्तीस किलोमीटर. एवढ्यासाठी सगळा माल बैलगाड्यांवर लादायचा, पावसाळ्यात चिखलात रुतवायचा आणि स्टेशनवर नेऊन पुन्हा उतरवायचा.

मोठ्या रुळांची लाईन टाकायला पैसा परवडत नव्हता. सरकारी विचार असा होता की लहान लाईन म्हणजे खेळणं, तिच्यावर जड माल कसा जाणार?

कॅलथ्रॉपनं 1880 च्या दशकातच या भागाचा अभ्यास केला. त्यानं एक साधी गोष्ट हेरली. रूळ किती मजबूत हवेत हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही, एका ॲक्सलवर किती वजन येतं यावर ठरतं. म्हणजे दोन चाकांच्या एका जोडीवर किती भार आहे, एवढंच बघायचं.

त्यानं ठरवलं, इंजिन असो की डबा, एका ॲक्सलवर पाच टनांहून जास्त वजन नको. मग रूळही हलके चालतात. बार्शीला जे रूळ वापरले त्यांचं वजन मीटरला साधारण पंधरा किलो. हलके रूळ म्हणजे कमी लोखंड, कमी लोखंड म्हणजे कमी खर्च. पण चार ॲक्सलच्या डब्याला मालासकट वीस टनांची मुभा मिळते. खेळणं म्हणणाऱ्यांना हे उत्तर होतं.

परवानग्या आणि भांडवल गोळा करण्यात वर्षं गेली. दरम्यान त्यानं नोकरी सोडली, इंग्लंडला जाऊन सल्लागार म्हणून काम सुरू केलं. शेवटी 1895 मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावली.

पत्र्याची घडी घातली आणि गणित सुटलं

आता पत्र्याचा मुद्दा. वीस टनांपैकी डब्याचंच वजन दहा टन झालं तर माल भरणार किती? म्हणजे डबा हलका पाहिजे आणि मजबूतही पाहिजे.

एक कागद घ्या आणि एका टोकाला धरा. तो खाली लटकतो. आता त्याच्या दोन्ही कडा दुमडा आणि पुन्हा धरा. तोच कागद ताठ उभा राहतो. वजन तेवढंच, ताकद वाढली. घरावरचा पन्हाळी पत्रा याच तत्त्वावर वजन पेलतो.

लीड्स फोर्ज ही इंग्लंडमधली कंपनी पोलादाची प्लेट तापवून प्रेसखाली दाबून अशा कडा वळवायची. बार्शीच्या डब्यांच्या खालच्या चौकटी कॅलथ्रॉपनं याच पद्धतीच्या घेतल्या. जाड तुळया आणि ढीगभर जोड यांच्या जागी दाबून घडवलेलं पातळ पोलाद आलं.

इंजिनं लीड्सच्याच किटसन कंपनीची. आठ चाकं ओढणारी आणि मागे चार चाकं फक्त भार वाहणारी. वजन सहा ॲक्सलवर वाटलेलं. भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून या गाड्या चालवून दाखवल्या, म्हणजे शंका घेणाऱ्यांनी डोळ्यांनी बघावं.

मग लाईन वाढत गेली. 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर. माल वाहण्यासाठी काढलेली गाडी वारकऱ्यांची झाली.

इंजिनाचं कातडं

कॅलथ्रॉपच्या इंजिनापाशी जरा थांबू. कारण यवतमाळच्या फोटोखालच्या कमेंटचं उत्तर इथे आहे.

वाफेच्या इंजिनाचा जो गोल लांबट भाग दिसतो त्याला आपण बॉयलर म्हणतो. पण आपल्याला दिसतो तो बॉयलर नसतोच. खरा बॉयलर आत असतो, जाड प्लेटचा, वाफेचा दाब सहन करणारा. त्याच्यावर उष्णता रोखणारं आवरण असतं. पूर्वी लाकडी पट्ट्या असायच्या, नंतर ॲस्बेस्टॉस आलं. आणि सगळ्यात वर पातळ पत्रा, जागोजागी पट्टे आवळून बसवलेला. हा पत्रा वजन पेलत नाही, दाब सहन करत नाही. तो फक्त अंगरखा आहे.

त्यामुळे सगळ्यात आधी तोच बदलला जातो. बॉयलरची तपासणी करायची तर पत्रा काढावा लागतो. दोनचारदा काढघाल झाली की कडा फाटतात, नवा पत्रा बसतो. सत्तर वर्षं चाललेल्या इंजिनावर पहिल्या दिवसाचा पत्रा सापडणं जवळपास अशक्य.

मग तो पुन्हा कसा बनवायचा? आजचा कारखान्यातला पत्रा रोलरखालून अगदी एकसारखा निघतो. जुना पत्रा कारागीर हातानं वळवून, ठोकून बसवायचे. तांबट लोक हंड्याला मठारतात ना, तसाच प्रकार. फरक एवढाच की तांबटाला ठोक्यांची नक्षी दिसायला हवी असते आणि इंजिनवाल्याला ती दिसू द्यायची नसते. हलक्या हातोडीचे हजारो ठोके मारून उंचसखलपणा काढायचा. तरी बाजूनं उजेड पडला की किंचित लहर दिसते. ही लहर म्हणजे हाताचा पुरावा. दुरुस्ती करणारा चांगला कारागीर ती मुद्दाम पुसत नाही.

त्यावर रंग. जुन्या पद्धतीत आधी जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर, हो, मारुतीला लावतात तोच. तो शिशाचा असतो आणि गंज रोखतो. मग लांबी भरायची, प्यूमिस दगडानं पाणी लावून घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. मग रंगाचे हात, मग रेषा, मग वार्निश. एका इंजिनाला कित्येक दिवस लागायचे. आज शिसं आणि ॲस्बेस्टॉस दोन्ही शरीराला घातक म्हणून टाळतात. सुरक्षित पर्याय वापरून तसाच पोत आणणं ही वेगळी कसरत.

अमेरिकेत तर याहून अवघड प्रकार आहे. तिथल्या जुन्या इंजिनांवर रशियन आयर्न नावाचा पत्रा असायचा. उरल भागातले कारागीर पत्र्यांच्या थप्पीत कोळशाची पूड घालून तापवायचे आणि जड घणाखाली ठोकायचे. त्यातून निळसर राखाडी, चमकदार, सहज न गंजणारा पत्रा तयार व्हायचा. त्याला रंग लागतच नसे. विसाव्या शतकात तो बाजारातून गेला. आता तिथले लोक रंग आणि रसायनांनी ती निळसर झाक आणायचा प्रयत्न करतात.

इंग्लंडहून आपल्याकडे आलेल्या इंजिनांचं तसं नव्हतं. इथे पत्रा रंगवलेलाच असायचा. म्हणून आपल्याकडच्या दुरुस्तीत शोध घ्यायचा तो रंगाच्या थरांचा.

फोटो खोटं बोलतो

इथे एक सापळा आहे. जुने इंजिन कारखाने इंजिन तयार झालं की अधिकृत फोटो काढायचे. त्यासाठी अनेकदा ते इंजिन मुद्दाम फिकट राखाडी रंगवायचे, म्हणजे प्रत्येक भाग स्पष्ट दिसावा. फोटो झाला की खरा रंग. तो फोटो पाहून कुणी ठरवलं की इंजिन राखाडी होतं, तर सगळंच फसलं.

शिवाय त्या काळच्या फोटोच्या काचांना लाल रंग जवळपास काळा दिसायचा आणि निळा फिकट. म्हणजे फोटोतलं काळं इंजिन प्रत्यक्षात लाल असू शकतं.

मग खरं कळतं कुठून? जिथे कुणाचा ब्रश पोचला नाही तिथून. नावाच्या पाटीच्या मागे, एखाद्या पकडीखाली, बोल्टच्या चकतीखाली. तिथे पॉलिश पेपरनं हळूहळू घासलं की झाडाच्या खोडासारखी रंगाची वर्तुळं उघडतात. सगळ्यात आतलं वर्तुळ म्हणजे पहिला दिवस. बाहेरची वर्तुळं म्हणजे पुढची सगळी वर्षं.

म्हणूनच रंग देण्याआधी जुना रंग सरसकट खरवडून काढणं ही सगळ्यात मोठी चूक. एकदा खरवडलं की पुस्तक जाळलं.

माथेरान, मॅनिफोल्ड आणि पिवळे डबे

बार्शीच्या यशानं कॅलथ्रॉपचं नाव झालं. माथेरानच्या दोन फुटी लाईनसाठी इंजिनांचं डिझाईन त्यानंच केलं. ती जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीनं बनवली. 1907 मध्ये सुरू झालेल्या या घाटात ती इंजिनं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चढत होती. त्यातलं एक आज इंग्लंडमध्ये आहे.

इंग्लंडमध्ये त्यानं लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे उभारली, 1904 मध्ये. तिथे त्यानं बार्शीचा अनुभव आणखी पुढे नेला. लहान लाईनची सगळ्यात मोठी कटकट म्हणजे मोठ्या लाईनला भेटताना माल उतरवून पुन्हा भरणं. मूर्तिजापूरला शकुंतलेच्या कापसाचंही हेच. कॅलथ्रॉपनं असे ठेंगणे वाहक डबे आणले की मोठ्या लाईनचा अख्खा डबा त्यांच्यावर चढवायचा आणि पुढे न्यायचा.

त्या रेल्वेचे प्रवासी डबे फिकट पिवळे होते. दोन इंजिनांपैकी एकाचं नावच ई. आर. कॅलथ्रॉप. पण 1934 मध्ये लाईन बंद पडली आणि नंतर दोन्ही इंजिनं भंगारात गेली. आज त्या मार्गावर लोक पायी फिरतात, सायकल चालवतात. ज्या इंजिनावर त्याचं नाव होतं त्याचा रंग घासून बघायला आज पत्राच उरलेला नाही.

ज्यानं वजन मोजलं त्यालाच वजनाचं कारण सांगितलं

आता गोष्टीला वेगळं वळण. कॅलथ्रॉपचा एक मित्र होता चार्ल्स रोल्स. रोल्स रॉयसमधला रोल्स. 12 जुलै 1910 रोजी बोर्नमथला विमान कोसळून तो गेला.

कॅलथ्रॉपच्या डोक्यात एकच विषय बसला. विमान मोडलं तर माणूस का मरावा? त्यानं पॅराशूटवर काम सुरू केलं आणि गार्डियन एंजल नावाचं पॅराशूट तयार केलं. माणसानं उडी मारली की त्याच्या वजनानंच ते विमानाला लावलेल्या आवरणातून बाहेर ओढलं जायचं आणि उघडायचं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं. चाचण्या झाल्या, यशस्वी झाल्या. 1917 मध्ये ऑर्ड लीस नावाच्या अधिकाऱ्यानं लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी मारून दाखवली. हा गडी आधी शॅकलटनच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत होता, म्हणजे घाबरणाऱ्यातला नव्हताच. एवढ्या कमी उंचीवरही पॅराशूट उघडलं.

तरी ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत ते मिळालं नाही. पॅराशूट जड आहे, जागा खातं, अशी कारणं पुढे आली. 1918 मध्ये जर्मन वैमानिक पॅराशूट वापरू लागले होते. गार्डियन एंजल वापरलं गेलं ते शत्रूच्या हद्दीत हेर उतरवण्यासाठी.

विचार करा. ज्या माणसानं आयुष्यभर वजनाचा हिशोब केला, त्यालाच वजनाचं कारण सांगून परत पाठवलं गेलं. फरक असा की कॅलथ्रॉप वजन वाचवायचा ते जास्त माल आणि जास्त माणसं नेता यावीत म्हणून. या हिशोबात माणूसच धरलेला नव्हता.

या कामात त्यानं स्वतःचा बराच पैसा घातला. दुसरीकडे त्याला अरबी घोड्यांचा नाद होता. 1920 मध्ये त्यानं घोड्यांवर पुस्तक लिहिलं, घोड्याला मारून नव्हे तर मैत्रीनं शिकवावं, हे सांगणारं.

30 मार्च 1927 रोजी तो गेला. त्याच वर्षी बार्शी लाईट मिरजेपर्यंत पोचली.

मग शकुंतलेचा रंग कुठला?

1954 मध्ये बार्शी लाईट सरकारच्या ताब्यात आली आणि पुढे टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. लोकांची सोय झाली, हे मान्यच करायला हवं. यवतमाळकरही ब्रॉडगेज मागतात त्यात चूक काहीच नाही. गाडी माणसांसाठी असते, आठवणींसाठी नाही. हे कॅलथ्रॉपनंही मान्य केलं असतं असं त्याच्या कामावरून वाटतं.

पण जी इंजिनं जपून ठेवायची ठरतात ती तरी खरी दिसावीत. अनेक ठिकाणी चौकात किंवा स्टेशनबाहेर उभ्या इंजिनांवर कार्यक्रम आला की नवा ऑइलपेंट चढतो. लाल पट्टे, चंदेरी चाकं, सोनेरी टोप्या. फोटो भारी येतात. प्रत्येक नव्या हातात खालचा एकेक थर मात्र घासून संपतो.

राबणाऱ्या इंजिनाची चमक वेगळी असायची. ती डब्यातल्या रंगाची नव्हती. शेडमधला माणूस रोज कॉटन वेस्ट तेलात बुडवून पत्रा पुसायचा. कॉटन वेस्ट म्हणजे सूतगिरणीत उरलेला सुताचा गुंता. तेल, काजळी आणि हाताचा दाब मिळून पत्र्यावर एक खोल, मऊ काळी झाक चढायची. ज्या कापसासाठी ही रेल्वे आली, त्याच कापसाच्या उरल्यासुरल्या सुतानं अशी इंजिनं पुसली जायची.

ती झाक पुन्हा आणता येते. घाई नको, जुने थर आधी नोंदवायला हवेत, पत्रा वळवणारा हात हवा. आपल्या गॅरेजमधल्या डेंटिंगवाल्यांकडे आणि तांबटांकडे तो हात अजून आहे.

तर तुमच्या गावात असं एखादं जुनं इंजिन उभं असेल, तर पुढच्या वेळी सेल्फी काढताना एकदा पाटीच्या कडेला वाकून बघा. रंग उडालेल्या कोपऱ्यात दोनतीन थर दिसतील. त्याचा जवळून फोटो काढून ठेवा. नवा ऑइलपेंट चढायच्या आत तो फोटो कुणाकडे तरी असलेला बरा.